विश्रामस्पंदमीमांसा

कोणत्याही शास्त्रग्रंथाच्या आरंभी चार गोष्टी सांगाव्या लागतात: विषय, प्रयोजन, संबंध आणि अधिकारी. प्रस्तुत ग्रंथाचा विषय आहे धावणाऱ्या माणसाचे न धावतानाचे हृदय. प्रयोजन म्हणजे रविवारच्या लाँग रननंतर इडली येईपर्यंत चालणारा एक वाद मिटवणे. धावण्याशी याचा संबंध वाटतो तेवढा नाही. अधिकारी मात्र पुष्कळ आहेत. ज्याच्या मनगटावर घड्याळ आहे, ज्याने चाळिशी ओलांडली आहे आणि ज्याला घरात कोणी "आज किती आलं?" असे विचारत नाही, तो या शास्त्राचा अधिकारी जाणावा.

वाद असा. वेताळ टेकडी उतरून आलेली मंडळी टेबलाभोवती बसतात. पेस, अंतर, गुडघा हे विषय पाण्याचा ग्लास येईतो संपतात.

"रेस्टिंग किती आलं हो काका?"

"अठ्ठेचाळीस. तुझं?"

"पंचेचाळीस."

मग क्षणभर कोणी बोलत नाही. काका चटणीची वाटी पुढे ओढतात आणि म्हणतात, "माझं एरवी त्रेचाळीस असतं. काल लग्न होतं ना!"

या लग्नाला न्यायशास्त्रात उपाधी म्हणतात, आणि ती अगदीच खोटी नसते. ताप एक अंश सेल्सियसने चढला की नाडी मिनिटाला साधारण दहा ठोक्यांनी वाढते. म्हणजे काकांच्या पाच ठोक्यांसाठी अर्धा अंश ताप पुरे. जिलबीने ताप येत नाही. पण उशिराचे जेवण, अपुरी झोप आणि मांडवामागे घेतलेले दोन पेग ठोके खात्रीने वाढवतात. काकांची उपाधी यांपैकी नेमकी कोणती, हा प्रश्न काकूंसमोर उपस्थित करू नये असा शिष्टाचार आहे.

आता मापनाविषयी. आपल्याकडे शार्ङ्गधरसंहितेत नाडीची गती प्राण्यांवरून सांगितली आहे: वाताची सापासारखी, पित्ताची बेडकासारखी, कफाची हंसासारखी. या पद्धतीचा मोठा गुण असा, की "माझी हंस, तुझी बेडूक" म्हटल्यावर पुढे वजाबाकी करता येत नाही. ती सोय इंग्रजांनी केली. सर जॉन फ्लॉयर या वैद्याने १७०७ मध्ये खास नाडी मोजण्याच्या घड्याळावर पुस्तक लिहिले. ते घड्याळ बरोबर एक मिनिट चालून थांबत असे. आजचे घड्याळ थांबत नाही. ते कातडीत हिरवा उजेड सोडते, रक्त तो उजेड शोषते, आणि परत आलेल्या उजेडाच्या चढउतारावरून ठोके मोजले जातात. मात्र पुरुषाची नाडी उजव्या हाताची पाहावी असा वैद्यांचा संकेत आहे आणि घड्याळ बहुतेकांच्या डाव्या मनगटावर असते. तेव्हा पुरुष धावकांचे आजवरचे सगळे आकडे शास्त्रदृष्ट्या रद्द ठरतात. ही आपत्ती आम्ही नम्रपणे नोंदवून पुढे जातो.

घड्याळ न मानणारा एक सनातनी पंथही आहे. हे लोक पहाटे गजर बंद करून तसेच उताणे पडून राहतात. डोळे मिटलेले, दोन बोटे मनगटावर (अंगठा नव्हे, त्याची स्वतःची नाडी मध्ये येते), आणि बाहेरून "दूध आलंय, घेता का?" असा आवाज आला की मोजणी पहिल्यापासून. बाथरूमला जाऊन यावे तर ठोके वाढतात, न जावे तरी वाढतात. या पेचावर एकाही आचार्याने भाष्य केलेले नाही. यातले घाईवाले पंधरा सेकंद मोजून चाराने गुणतात. त्यांत एक ठोका हुकला की उत्तर चाराने हुकते, आणि हुकतो तो नेहमी सोयीच्या बाजूने. शिवाय या रीतीने ४४ येईल, ४८ येईल. ४५ येणे गणिताला मान्य नाही. टेबलावरचा पंचेचाळीसवाला घड्याळपंथी आहे की थापाड्या, हे एवढ्यावरून ठरवता येते.

घड्याळपंथीयांतही एकवाक्यता नाहीच. कुणाचे घड्याळ झोपेतला सर्वांत खालचा आकडा धरते, कुणाचे जागेपणी स्वस्थ बसलेल्या वेळेचा हिशेब लावते. दोघे एकाच टेबलावर आकडे मांडतात आणि दोघेही खरे बोलत असतात. अशा वादांना अंत नसतो, म्हणूनच ते टिकतात.

इथे पूर्वपक्ष उभा राहतो: ठोके जितके कमी, धावक तितका थोर. प्रमाण असे, की सामान्य प्रौढाची विश्रांतीतली नाडी ६० ते १०० मानतात आणि मुरलेल्या धावकांची चाळिशीत येते. १९९१ ते १९९५ अशी ओळीने पाच वर्षे टूर द फ्रान्स जिंकणाऱ्या मिगेल इंदुराइनची तर २८ सांगतात. तो सायकलवाला होता, ही हरकत पूर्वपक्षी ऐकून घेत नाहीत.

याच्या मुळाशी खरे शास्त्र आहे, ते नाकारून चालणार नाही. स्वस्थ बसलेल्या शरीराला मिनिटाला पाचेक लिटर रक्त लागते. हृदय एका ठोक्याला ७० मिलिलिटर ढकलत असेल तर त्याला सत्तरेक ठोके द्यावे लागतात. १०० मिलिलिटर ढकलत असेल तर पन्नासात भागते. तांब्या मोठा असला की बादली थोड्या खेपांत भरते, इतकेच. हा तांब्या मोठा होतो हे उप्सालाच्या हेन्शेन नावाच्या डॉक्टरांनी १८९९ मध्ये बर्फावर घसरत शर्यती करणाऱ्यांच्या छातीवर नुसत्या बोटांनी ठोकून ओळखले. तरी पुढची कित्येक वर्षे डॉक्टर असल्या हृदयाला घाबरत राहिले. क्लॅरेन्स डीमार या अमेरिकन धावकाला हृदयात मर्मर ऐकू येते म्हणून धावणे सोडायचा सल्ला मिळाला होता. त्याने बॉस्टन मॅरेथॉन सात वेळा जिंकली आणि १९५८ मध्ये तो कर्करोगाने गेला. शवविच्छेदनात त्याच्या हृदयाच्या धमन्या सामान्य माणसाच्या दुप्पट-तिप्पट रुंद निघाल्या. सल्ला देणाऱ्यांचे पुढे काय झाले, याची नोंद आढळत नाही.

तांब्या मोठा झाला तरी हात सावकाश कोण करवतो? याचे जुने उत्तर व्हेगस नावाची नस. ओटो लोवी यांनी १९२१ मध्ये एका बेडकाच्या हृदयाची ही नस चेतवली, त्यातला द्रव दुसऱ्या बेडकाच्या हृदयावर सोडला, आणि तेही मंदावले. प्रयोगाची युक्ती त्यांना स्वप्नात सुचली होती. पहिल्या रात्री टिपून ठेवलेले सकाळी त्यांनाच वाचता येईना, म्हणून दुसऱ्या रात्री पुन्हा स्वप्न पडताच ते उठून थेट प्रयोगशाळेत गेले. शार्ङ्गधरापासून लोवींपर्यंत नाडीशास्त्राचा भार बेडकांनीच वाहिला आहे, हे कृतज्ञतापूर्वक नमूद करावेसे वाटते. मात्र २०१४ मध्ये मँचेस्टरच्या संशोधकांनी उंदीर पळवून पाहिले आणि सांगितले, की सरावाने हृदयाची ठोके पाडणारी गाठच मुळात सावकाश होते, नसेचा वाटा मानतात तेवढा नाही. त्या गाठीतल्या ज्या विद्युत्प्रवाहाचा हा खेळ, त्याला शास्त्रज्ञांनी गंभीरपणे 'फनी करंट' असे नाव दिले आहे. आमच्या विषयाची प्रतिष्ठा शास्त्रज्ञांच्याही लक्षात आली म्हणायची.

आता खंडन. पूर्वपक्षाच्या लक्षणाला अतिव्याप्तीचा दोष लागतो. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोजणीत कॅलिफोर्नियाच्या माँटेरे उपसागरातल्या निळ्या देवमाशाची नाडी खोल बुडी मारलेली असताना मिनिटाला दोनपर्यंत उतरली होती. नियमाप्रमाणे जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनला त्याला पहिल्या रांगेत उभे करावे लागेल; पेडर रोडच्या चढणीवर त्याचे काय होईल ते सोडा. एवढे लांब जायचे नसेल तर सोसायटीतल्या बाकावरचे आजोबा आहेत. रक्तदाबावर बीटा ब्लॉकरची गोळी चालू असल्यामुळे त्यांची नाडी बावन्न. आजोबा गेटपर्यंत जातात ते पेपर आणायला. थायरॉइड मंदावलेल्यांचेही ठोके कमी होतात, आणि त्यांना तर जिना चढवत नाही.

अव्याप्तीही आहेच. अंगापिंडाने, वयाने, वंशाने प्रत्येकाची नाडी वेगळी. न धावणाऱ्या माणसांना वीस आठवडे शिस्तीत व्यायाम करायला लावलेल्या हेरिटेज नावाच्या मोठ्या अभ्यासात विश्रांतीचे ठोके सरासरी जेमतेम तीनेक कमी झाले. वीस आठवड्यांचा घाम आणि काकांचे एक लग्न, दोन्ही बाजू जवळपास बरोबरीत सुटतात. शेजारच्याचे ४५ आणि आपले ५८ यांत बराचसा फरक त्याच्या आईवडिलांनी केलेला असतो. त्यांचे अभिनंदन करायला हरकत नाही.

सिद्धांत असा. हा आकडा दुसऱ्याच्या आकड्याशेजारी ठेवला की निरर्थक होतो आणि स्वतःच्याच मागच्या महिन्याशेजारी ठेवला की बोलू लागतो. एरवी ५२ असणारी नाडी सलग तीन सकाळी ५९-६० दाखवू लागली, तर शरीर थकलेले आहे किंवा आजारपण दाराशी आहे. त्या दिवशी वेगाचा सराव टाळून झोपावे. एवढ्या साध्या सल्ल्यासाठी ग्रंथ कशाला, असे कोणी विचारील. पण साधा सल्ला ग्रंथाविना ऐकतो कोण?

राहता राहिली एक सूचना, आणि ती थट्टेत घेऊ नये. नाडी चाळिशीच्या खाली असून उठताना चक्कर येत असेल, डोळ्यांपुढे अंधारी येत असेल किंवा पूर्वीसारखे धावायला जमत नसेल, तर तो आकडा ग्रुपवर टाकू नका. डॉक्टरांकडे जा आणि ईसीजी काढून घ्या.