मागेल त्याला टोकन

आमच्या कंटेनर रजिस्ट्रीचं 'प्रमाणीकरण पूर्ण' असं लिहून मोकळे झालेल्या महोदयांस,

तुमच्या कॉन्फिगरेशन फाइलमध्ये 'ऑथ'खाली 'टोकन' लिहिलेलं आहे. रिअल्म, सर्व्हिस, इश्युअर, रूट सर्ट बंडल या चारही ओळी भरलेल्या आहेत. तपासणीला आलेल्यांनी त्या पाहिल्या आणि शेरा मारून ते निघून गेले. रजिस्ट्री मात्र बंद झालेली नाही. ती बंद असल्याचा कागद तेवढा तयार झाला.

ही पद्धत कशी चालते ते आधी मांडतो, कारण तुमचं काम पाहता तुम्ही ते कधी वाचलं असेल असं वाटत नाही. डॉकरचा क्लायंट इमेज पुश करायला येतो. रजिस्ट्री त्याला ४०१ देते आणि हेडरमध्ये सांगते, या पत्त्यावर जा आणि या रेपॉझिटरीसाठी पुल-पुशचं टोकन घेऊन ये. क्लायंट तिथल्या ऑथ सर्व्हरला नाव आणि पासवर्ड देतो. सर्व्हर सही केलेलं जेडब्ल्यूटी देतो. कोणत्या रेपॉझिटरीवर, कोणती कृती, किती वेळापर्यंत, हे सगळं त्यात लिहिलेलं असतं. रजिस्ट्री सही तपासते, मुदत आणि आतला मजकूर पाहते. ऑथ सर्व्हरला ती काही विचारायला जात नाही. कुणाला काय करू द्यायचं हा निर्णय टोकन देतानाच होतो. नंतर तो कुणीही करत नाही.

नेमक्या त्याच जागी तुम्ही काय केलंत? पासवर्ड बरोबर आहे एवढं पाहिलंत आणि क्लायंटने 'स्कोप'मध्ये जे मागितलं ते जसंच्या तसं 'अ‍ॅक्सेस'मध्ये उतरवलंत. या पद्धतीच्या नियमांत स्वच्छ लिहिलं आहे की मागितलेले हक्क आणि त्या वापरकर्त्याला खरोखर असलेले हक्क यांत जेवढे समान असतील तेवढेच द्यायचे. जास्त मागणं ही चूकसुद्धा धरलेली नाही, कारण सर्व्हर कमी देईल हे गृहीत आहे. तुमचा सर्व्हर कधीच कमी देत नाही. काल रुजू झालेला इंटर्न पेमेंटच्या इमेजवर पुश मागतो आणि त्याला पुश मिळतो. सही बरोबर, मुदत बरोबर. रजिस्ट्रीने नाकारावं तरी कशावरून?

पुशचा हक्क किती मोठा असतो याचा विचार केलात? टॅग हलवता येतो. 'लेटेस्ट' आज एका डायजेस्टवर असतो, उद्या दुसऱ्यावर. रात्री कुबरनेटीसचा पॉड नव्या नोडवर उभा राहतो, टॅगच्या नावाने इमेज ओढतो आणि आत जे असेल ते चालवतो. डायजेस्ट लिहून इमेज घेणारे वाचतात. पण बहुतेक ठिकाणी टॅगच लिहिलेला असतो. या रजिस्ट्रीतून रुग्णालयांच्या आणि पतसंस्थांच्या यंत्रणा इमेज घेतात. तिथल्या कुणीही तुमची फाइल पाहिलेली नाही, पाहणं त्यांचं कामही नाही. ते तुमचं काम होतं.

आता मुदतीचं. टोकन वर्षभराचं का केलंत, तेही मला ठाऊक आहे. मोठा लेयर चढत असताना मध्येच टोकन संपायचं आणि बिल्ड 'अनऑथराइज्ड' म्हणून पडायचा. अडचण खरी आहे. गिटलॅबच्या रजिस्ट्रीत ही मुदत मुळात ५ मिनिटांची असते आणि ती वाढवायची सोयही आहे. १५ मिनिटं करायची होती, अगदीच हवी तर ३०. वर्ष कशासाठी? टोकन हे धारकाच्या चेकसारखं असतं, ज्याच्या हातात तो पैसे उचलणार. बिल्डच्या लॉगमध्ये ते एकदा छापलं गेलं, की ते एकटं टोकन रद्द करायची सोय रजिस्ट्रीकडे नाही. सहीची किल्ली बदलणं एवढाच मार्ग उरतो.

आणि ती किल्लीच तुम्ही ऑथ सर्व्हरच्या इमेजमध्ये कॉपी केलीत! पुढच्या ओळीत 'आरएम' करून ती पुसली असं तुम्ही सांगता. खालच्या लेयरमध्ये ती जशीच्या तशी आहे आणि इमेज ओढू शकणारा कुणीही ती काढून घेऊ शकतो. मग त्याला टोकन मागावंही लागणार नाही, तो स्वतःच सही करील. २०२१ मध्ये कोडकव्हचं असंच झालं. त्यांच्या डॉकर इमेजमधून एक क्रेडेन्शियल बाहेर निघालं, त्याच्या जोरावर त्यांची बॅश अपलोडर स्क्रिप्ट बदलली गेली आणि ३१ जानेवारीपासून सुरू झालेला हा प्रकार १ एप्रिलला उघडकीस आला. ती स्क्रिप्ट आपापल्या बिल्डमध्ये चालवणाऱ्यांची गुपितं तोवर बाहेर जात होती. २०२४ मध्ये पायथनच्या गिटहब खात्यांवर प्रशासकाचे हक्क असलेलं टोकन एका सार्वजनिक इमेजमधल्या कंपाइल झालेल्या फाइलमध्ये सापडलं. मूळ कोडमधून ते काढलेलं होतं, कंपाइल झालेल्या प्रतीत राहून गेलं होतं. तिथे ते संशोधकांच्या हाती आधी लागलं. तुमच्या किल्लीबाबत तसं झालं आहे का, हे आज कोण सांगणार?

तुमच्यावर कामाचा ताण होता, मान्य. ताण असेल तर 'अपूर्ण' लिहायचं. अपूर्ण लिहिलं असतं तर रजिस्ट्री अंतर्गत नेटवर्कपुरती ठेवली असती, कुणीतरी दोनदा पाहिलं असतं. 'पूर्ण' लिहून तुम्ही तीही वाट बंद केलीत.

नवी किल्ली आजच तयार करा आणि ती इमेजच्या बाहेर, सीक्रेट म्हणून ठेवा. रूट सर्ट बंडलमधून जुनं प्रमाणपत्र काढा. चालू बिल्ड पडतील म्हणून ते चार दिवस राहू द्या, असं म्हणू नका; पडू द्या. टोकन देताना हक्क तपासणारा कोड लिहा आणि इंटर्नच्या खात्यावरून पेमेंटच्या इमेजवर पुश करून पाहा, तो नाकारला गेलाच पाहिजे. त्यानंतर प्रत्येक टॅगचा डायजेस्ट बिल्डच्या नोंदीशी ताडून घ्या. जिथे जुळणार नाही, तिथल्या ग्राहकाला त्याच दिवशी फोन करा. तो फोन तुम्ही स्वतः करायचा आहे.

— याच रजिस्ट्रीतून रोज इमेज घेणारा एक अभियंता