झेलणाऱ्यांची बेगमी

ओहायोतल्या कोलंबस शहरात ऑगस्ट महिना काळजी करण्यासाठी राखून ठेवलेला असतो. शेतातला मका कणसाला आलेला, शाळांच्या पिवळ्या बसगाड्या रस्त्यावर उतरलेल्या, आणि ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीच्या फुटबॉल संघाचा पहिला सामना मात्र अजून लांब. म्हणजे गावाला करायला काही नाही. मग गाव काळजी करतं. कशाची? तर आपल्या संघात चेंडू झेलणारी पोरं पुरेशी आहेत की नाहीत याची.

हा संघ कोण, हे आधी सांगायला हवं, नाहीतर वाचकाला उगाच या गावाची दया यायची. २० जानेवारी २०२५ ला याच संघाने नोटर डेमला ३४-२३ असं हरवून राष्ट्रीय विजेतेपद पटकावलं. २०२२ ते २०२५ या चार वर्षांत एकही वर्ष असं गेलं नाही, की एनएफएल या व्यावसायिक लीगच्या खेळाडू-निवडीत पहिल्या फेरीत इथला वाइड रिसीव्हर उचलला गेला नाही. ज्यांना दुष्काळ म्हणजे काय ते ऐकूनही माहीत नाही, अशी ही माणसं. पण काळजी करायला परिस्थिती वाईट असावी लागते, हा आपला गैरसमज. २०२४ च्या नोव्हेंबरात मिशिगनकडून १३-१० असा पराभव झाला, तेव्हा रायन डे या मुख्य प्रशिक्षकाला काढून टाका म्हणून अख्खं गाव पेटलं होतं. दोन महिन्यांच्या आत तोच प्रशिक्षक करंडक घेऊन आला. गावाने टाळ्या वाजवल्या आणि पुढच्या मोसमाची काळजी सुरू केली.

वाइड रिसीव्हरचं काम ऐकायला सोपं आहे. मैदानाच्या कडेला उभं राहायचं, खेळ सुरू झाला की ठरलेल्या वळणांनी सुसाट पळायचं, क्वार्टरबॅकने फेकलेला लांबट चेंडू पळता पळता झेलायचा, त्याच क्षणी कुणीतरी येऊन बरगडीत खांदा घालतो तो सोसायचा आणि चेंडू सोडायचा नाही. ओहायो स्टेट बहुतेक वेळा असे तिघे मैदानात उतरवतं. त्या तिघांच्या मागे कोण, त्यांच्या मागे कोण, याची उतरंड मांडलेला कागद म्हणजे डेप्थ चार्ट. प्रशिक्षक हा कागद शक्य तितका उशिरा बाहेर काढतात आणि काढला तरी जिथे भांडण लागेल तिथे दोन नावांमध्ये ‘किंवा’ घालून मोकळे होतात. त्या एका ‘किंवा’वर इथली माणसं आठवडा काढतात.

आमच्या पलीकडच्या घरातल्या आजोबांना अधिकृत कागदाची वाट पाहणं परवडत नाही. त्यांनी स्वतःचा कागद गॅरेजमधल्या फ्रिजवर लावला आहे, पेन्सिलीने लिहिलेला. खोडरबर दोऱ्याने बांधलेलं. आजोबा लहानपणी वडिलांबरोबर सामने बघायला जायचे तो काळ वूडी हेज यांचा. १९५१ ते १९७८ अशी अठ्ठावीस वर्षं वूडींनी संघ चालवला, आणि त्यांचा खेळ म्हणजे चेंडू पोटाशी धरून गर्दीत घुसा, तीन यार्ड मिळवा, पुन्हा घुसा. चेंडू फेकला तर तीन गोष्टी होऊ शकतात आणि त्यातल्या दोन वाईट, हे वचन कोलंबसात वूडींच्या नावावर खपतं आणि टेक्ससात तिथले प्रशिक्षक डॅरेल रॉयल यांच्या. कुणाचं का असेना, अशा खेळात रिसीव्हरची काळजी करायला जागाच नव्हती. आजोबांचं तारुण्य त्या बाबतीत वाया गेलं. ती सगळी कसर ते आता भरून काढताहेत.

२०२५ च्या उन्हाळ्यात माझी आई इकडे आली होती. तिने मागच्या डेकवर चादर पसरून कुरडया घातल्या होत्या. आजोबा कुंपणापाशी आले ते कुरडयांकडे बघत, पण बोलले रिसीव्हरांबद्दल. आई मराठीत बोलते, आजोबा इंग्रजीत, आणि दोघांचं उत्तम जमतं, कारण दोघंही समोरच्याचं ऐकत नाहीत. मधे दुभाषा म्हणून मी.

‘‘काय म्हणतायत?’’ आईने विचारलं.

‘‘चेंडू झेलणारे कमी पडतील म्हणतायत.’’

‘‘आहेत किती?’’

‘‘दहा-बारा असतील.’’

‘‘आणि चेंडू?’’

‘‘एक.’’

आईने आजोबांकडे अशा नजरेने पाहिलं, की त्याचा अनुवाद करण्याची माझी हिंमत झाली नाही.

आजोबांनी मात्र ती नजर उत्सुकतेची धरली आणि बोटांवर मोजत मांडणी केली. एका टोकाला जेरेमाया स्मिथ. कॉलेजात पाऊल ठेवलं त्याच वर्षी या पोराने ७६ झेल, १,३१५ यार्ड आणि १५ टचडाउन असा ऐवज गोळा केला आणि पहिल्या वर्षाचे क्रिस कार्टरचे जुने विक्रम निकालात काढले. अंतिम सामन्यात नोटर डेम जवळ येऊन ठेपलं असताना तिसऱ्या प्रयत्नाला अकरा यार्ड हवे होते, तेव्हा छप्पन्न यार्डांवर जाऊन झेल घेणारा तोच. दुसऱ्या टोकाला कार्नेल टेट, शिकागोचा, आदल्या मोसमात ५२ झेल. मधल्या जागेवर तोवर एमेका एगबुका होता. विद्यापीठाच्या इतिहासात सर्वाधिक, २०५ झेल घेऊन तो एप्रिलमध्ये टॅम्पा बे या एनएफएल संघाकडे गेला. त्या जागी ब्रँडन इनिस. इथवर सगळं शाईने लिहावं असं. त्याखालची ओळ मात्र पेन्सिलीची. ब्रायसन रॉजर्स, मायलन ग्रॅहम, नवा आलेला क्विन्सी पोर्टर, आणि प्रत्येकापुढे प्रश्नचिन्ह. स्मिथच्या नावाखालची जागा आजोबांनी कोरीच ठेवली होती. तो जायबंदी झाला तर, हा विचार कागदावर उतरवायलाही ते तयार नव्हते.

मी हे सगळं आईला सांगितलं. तिने कुरडयांवरची माशी उडवली.

‘‘असं होय! बेगमी म्हण ना. एका डब्याला पोरकिडे लागले तर दुसरा हवा. मग बरोबर आहे त्यांचं.’’

तेव्हापासून आजोबा तिच्या लेखी शहाण्या माणसांत जमा झाले आणि मी मात्र वर्षाचे तांदूळ महिन्याच्या महिन्याला आणतो म्हणून उतरलो.

पण आजोबांच्या काळजीला खरं कारण होतं. पहिलाच सामना, ३० ऑगस्टचा, टेक्ससशी होता, आणि तो संघ देशात पहिल्या क्रमांकावर होता. मोसमाच्या तोंडावर बहुतेक बडे संघ एखाद्या लहान कॉलेजला बोलावून पन्नास-साठ गुणांनी धुतात. इथे थेट टेक्सस. शिवाय याच टेक्ससने जानेवारीतल्या उपांत्य सामन्यात स्मिथला अख्ख्या सामन्यात एक झेल आणि तीन यार्ड यावर आणून ठेवलं होतं. सामना ओहायो स्टेटने २८-१४ असा जिंकला, पण तो इतरांनी जिंकला. ट्रेव्हियन हेंडरसनने पंचाहत्तर यार्ड पळून एक टचडाउन केला, आणि शेवटी जॅक सॉयर या बचावपटूने क्वार्टरबॅकच्या हातचा चेंडू उडवून, तो स्वतःच उचलून त्र्याऐंशी यार्ड नेला. स्मिथवर दोन-दोन माणसं सोडून त्याला गप्प करता येतं, हे टेक्ससला माहीत होतं. आणि त्यांना माहीत आहे हे आजोबांना माहीत होतं. झोप लागणार कशी?

खरी गंमत राखीव खेळाडूंची आहे. २०२० मध्ये या संघाच्या रिसीव्हरांत गॅरेट विल्सन होता, क्रिस ओलाव्हे होता, जेमसन विल्यम्स होता, आणि मागे जॅक्सन स्मिथ-न्जिग्बा नावाचं नवं पोर होतं. २०२१ च्या वसंतात विल्यम्सने हिशेब मांडला. न्जिग्बा पुढे येणार, म्हणजे आपण चौथे. त्याच एप्रिलमध्ये नियम बदलला होता, एकदा कॉलेज बदललं तर वर्षभर बाहेर बसायची सक्ती उठली होती. विल्यम्सने थेट अलाबामा गाठलं आणि त्या मोसमात १,५७२ यार्ड काढले. पुढच्या एनएफएल निवडीत दहावा विल्सन, अकरावा ओलाव्हे आणि बारावा विल्यम्स. एकाच खोलीत बूट काढणारी तीन पोरं ओळीने तीन नंबरांवर गेली. आता यातला चौथा कोण आणि पहिला कोण, हे ठरवायला आजोबांच्या खोडरबराने सुद्धा राजीनामा दिला असता.

त्या तिघांच्या मागचं पोर? १ जानेवारी २०२२ च्या रोझ बोल या मोसमाअखेरच्या सामन्यात विल्सन आणि ओलाव्हे यांनी निवड जवळ आली म्हणून अंग राखलं, ते खेळलेच नाहीत. न्जिग्बाने युटाविरुद्ध १५ झेल आणि ३४७ यार्ड असा तमाशा केला, की बोल सामन्यांत तेवढे यार्ड तोवर कुणी काढले नव्हते. आणि बाकांवरून उठून आलेल्या मार्व्हिन हॅरिसन धाकट्याने त्याच दुपारी तीन टचडाउन झेलले. ४८-४५. पुढच्या मोसमात न्जिग्बाची मांडी दुखावली, तो जवळजवळ सगळं वर्ष बाहेर, तर हॅरिसन आणि एगबुका या दोघांनीही हजाराचा आकडा ओलांडला. हे सगळं ब्रायन हार्टलाइन या माणसाच्या हाताखाली. तो स्वतः इथलाच जुना रिसीव्हर, २०१८ ते २०२५ ही पोरं घडवणारा. माझं मत विचाराल तर या गावाने तेव्हा फार तर त्याच्या तब्येतीची काळजी करायला हवी होती, बाकी कशाची नाही. पण माझं मत इथे कुणी विचारत नाही. मी अजून पुरेशी काळजी करत नाही, असा माझ्याबद्दल बोलबाला आहे.

हे ऐकताना मुंबईत वाढलेल्या माणसाला अमोल मुझुमदार आठवल्याशिवाय राहत नाही. १९८८ मध्ये आझाद मैदानावर तेंडुलकर आणि कांबळी ६६४ धावांची भागी रचत होते, आणि पुढचा फलंदाज म्हणून हा पॅड बांधून बसला होता. बसूनच राहिला. पुढे प्रथम श्रेणीत अकरा हजारांवर धावा केल्या, भारताची टोपी मिळाली नाही. आसाम आणि आंध्रकडून खेळला, पण तोवर तिशी उलटलेली. कॉलेज बदललं तेव्हा विल्यम्सचं वय वीस. पॅड बांधून बसलेल्या पोराला दुपारीच दुसऱ्या मैदानावर जाऊन फलंदाजी करता येईल, असा नियम आझाद मैदानावर असता, तर क्रॉस मैदान त्या दिवशी ओसंडलं असतं.

आता प्रश्न उरला गणपतीचा. त्या वर्षी गणेश चतुर्थी आली २७ ऑगस्टला, बुधवारी. परदेशात गणपती तिथीने येत असला तरी सार्वजनिक कार्यक्रम शाळेचा हॉल मिळेल त्या शनिवारी होतो. तो शनिवार ३० ऑगस्ट. आरती दुपारी बाराला. सामनाही दुपारी बाराला.

इथल्या मराठी मंडळाच्या कार्यकारिणीत यावरून जे झालं ते इथे लिहिण्यासारखं नाही, पण थोडंसं लिहितो. आरती दहाला घ्यावी असा ठराव आला. दहाला पुण्याची माणसं सोडून कोणी येणार नाही, असा आक्षेप आला. पुण्याच्या माणसांनी यात आक्षेपार्ह काय, असं विचारलं. शेवटी आरती साडेअकराला, मोबाइल बंद, आणि प्रसादानंतर मुलांचं लेझीम, असं ठरलं. मोबाइल बंद हे कलम एकमताने मंजूर झालं आणि एकमताने मोडलं गेलं. इथे जन्मलेली आमची पोरं कुर्त्याच्या आत लाल-करड्या जर्सी घालून आली होती. आरतीच्या टाळ्यांना सुद्धा ताल विद्यापीठाच्या बँडचा होता.

सामन्याच्या मध्यंतराला आपली ७-० अशी आघाडी. टेक्ससचा क्वार्टरबॅक आर्च मॅनिंग, क्वार्टरबॅकांच्या मॅनिंग घराण्यातला म्हणून ज्याचा डंका वाजत होता, तो गुण काढत नव्हता आणि आपला ज्युलियन सेयिन पहिल्यांदाच मुख्य क्वार्टरबॅक म्हणून उतरला होता, त्यामुळे जपून खेळत होता. स्मिथवर टेक्ससचं जानेवारीइतकंच प्रेम होतं. हॉलच्या मागच्या चार ओळी मान खाली घालून बसल्या होत्या. पाहुण्यांना वाटलं, काय भाविक मंडळी.

चौथ्या सत्राच्या सुरुवातीला लेझीम ऐन रंगात आलं होतं. सेयिनने चेंडू लांब सोडला, चाळीस यार्ड, टोकावर कार्नेल टेट, टचडाउन. मागच्या चार ओळी एकदम उठून ओरडल्या. लेझीम बसवणाऱ्या बाईंना गहिवरून आलं. इतकी दाद या हॉलमध्ये कुणाला मिळाली नव्हती. त्यांनी हात जोडले, ढोलवाल्याला खूण केली, आणि पोरांनी लेझीम पहिल्यापासून पुन्हा सुरू केलं. मग त्या पोरांची पावलं चुकू नयेत म्हणून नव्हे, तर १४-० झालं म्हणून मागच्या ओळी दुसऱ्या फेरीतही तितक्याच उत्साहाने नाचल्या. टेक्ससने शेवटी एक टचडाउन केला. १४-७ वर सामना संपला.

घरी येताना गाडीत आईने विचारलं, ‘‘तो मोठा मुलगा काय करत होता? त्याचं नाव ऐकू आलं नाही.’’

‘‘सहा झेल, त्रेचाळीस यार्ड. फारसं काही करू दिलं नाही त्याला.’’

‘‘दोघे त्याच्या मागे, म्हणून तर दुसऱ्याला वाट मिळाली. जिथे जिथे तो पळाला तिथे दोन माणसं अडकली ना? मग?’’

सामन्यानंतर दूरचित्रवाणीवर सूट घातलेली माणसं हेच वाक्य बाणांसह आकृत्या काढून समजावत होती. आईने कुरडया तळायला घेतल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी मी तळलेल्या कुरडयांची ताटली घेऊन आजोबांकडे गेलो. गॅरेज उघडं होतं. स्मिथ, टेट, इनिस, तिन्ही नावं आता शाईने लिहिलेली, आणि स्मिथच्या नावाखालची जागा अजून कोरी. मी म्हटलं, आता तरी निवांत झालात ना? आजोबांनी कुरडईचा तुकडा तोंडात टाकला, मान डोलावली, रिसीव्हरांचा प्रश्न मिटला म्हणाले. मग त्यांनी फ्रिजवरून तो कागद काढून घडी केला आणि त्या जागी नवा लावला. त्यावर वर दुसऱ्याच जागेचं नाव लिहिलं होतं, लेफ्ट टॅकल.