मु. पो. थोरल्याचा मोबाइल

श्री. ओटीपीसाहेब यांस,

कृ. सा. न. वि. वि.

मजकूर सहा आकड्यांत मावत नाही म्हणून पत्र लिहितोय. शिवाय इकडे पावसाळ्यात पोस्टमन तुमच्यापेक्षा नेमानं येतो.

मळवली स्टेशनजवळ माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. रविवारी लोहगड-विसापूरची पोरं लोकलमधून उतरतात आणि भाज्याचा रस्ता विचारून जातात. बाकीचे दिवस पाटण, बोरज, देवले इकडची माणसं येतात. कुणाला सातबारा हवा असतो, कुणाला दाखला, आणि केवायसी तर सगळ्यांचीच अडलेली. काम उरकेना म्हणून मागच्या महिन्यात पुण्याहून जुना मॉनिटर मांडीवर घेऊन लोकलनं आलो. त्याला निळ्या तोंडाची जुनी केबल, कॉम्प्युटरला एचडीएमआय. मध्ये कन्व्हर्टर घातला तर दोन्हीकडे एकच चित्र. विंडोज आणि पी दाबून ‘एक्स्टेंड’ केलं, तेव्हा कुठे पडदे वेगळे झाले. तरी उजवीकडे ठेवलेला पडदा कॉम्प्युटरच्या मते डावीकडेच होता, त्यामुळे माउस अर्धा तास उजव्या कडेला डोकं आपटत होता. सेटिंगमध्ये एक आणि दोनचे चौकोन ओढून त्यांची अदलाबदल केली, तेव्हा तो सुटला.

मग कळलं, पडदे दोन असले तरी ब्राउझर एकनिष्ठ. एकाच पोर्टलवर दुसऱ्या टॅबमध्ये दुसरं खातं उघडलं की पहिलं हाकलून देतो, कारण सगळ्या टॅबच्या कुकीज एकाच डब्यात. म्हणून प्रोफाइल वेगळे केले : निळा गोल माझा, लाल गोल गिऱ्हाइकाचा. पासवर्डची दोनशे पानी वही आहेच. सतत पासवर्ड बदला, त्यात चिन्हं घाला, असा सल्ला २००३ साली अमेरिकेत ज्यांनी लिहून ठेवला, त्या बिल बर यांनी २०१७ मध्ये चुकलंच म्हणून सांगितलं. माझ्या वहीतली पोर्टलं अजून त्या चुकीवरच चालली आहेत. असो. पासवर्डवर माझा राग नाही. तो निदान वहीत सापडतो.

मंगळवारी देवल्याहून एक मावशी आल्या. आधार कार्ड आणि पासबुक दुधाच्या धुतलेल्या पिशवीत गुंडाळलेलं. डाव्या पडद्यावर फॉर्म, उजव्यावर त्यांची कागदपत्रं, सात मिनिटांत सगळं भरून झालं. दुसऱ्या मॉनिटरचे पैसे वसूल झाल्यासारखे वाटले. आणि आपण अवतरलात. म्हणजे इथं नाही, चाकणला.

आधार काढलं तेव्हा मावशींच्या घरात मोबाइल एकट्या थोरल्याकडे होता, म्हणून नंबर त्याचा. थोरला कंपनीत. मोबाइल गेटवरच्या लॉकरमध्ये, शिफ्ट सुटेपर्यंत. आपलं आयुष्य दहा मिनिटांचं. ‘पुन्हा पाठवा’ तीनदा दाबलं, मग पोर्टल म्हणालं मर्यादा संपली, उद्या या. अंगठा लावून पाहिला. चाळीस पावसाळे भातलावणी केलेली बोटं, यंत्राला त्यात रेषाच सापडेनात.

मावशी म्हणाल्या, “मी हितंच बसलेय की. आन कोन पायजे त्याला?”

दोन्ही पडद्यांवर याचं उत्तर नव्हतं.

इथून पलीकडे कार्ल्याच्या लेण्यात वैजयंतीच्या भूतपाल शेठजींचं नाव कोरलेलं आहे. त्यांनी एकदा सांगितलं की हे लेणं मी पुरं केलं, आणि दोन हजार वर्षं सगळ्यांनी मानलं. आमच्या मावशींना दहा मिनिटांपुरतंही कुणी मानायला तयार नाही. अरे, बाई समोर बसलीय! पदर पिळतेय, पाणी माझ्या फरशीवर ठिबकतंय, आणि तू चाकणच्या लोखंडी कपाटात टुणटुण वाजून विचारतोयस, ही आहे का म्हणून? तुला माणूस ओळखता येत नाही. तुला सिमकार्ड ओळखता येतं. आणि वर मेसेजमध्ये लिहितोस, ‘कोणालाही सांगू नका’. सांगितल्याशिवाय इथं एक तरी फॉर्म पुरा होतो का? कुणाचा तरी पोरगा फोनवरून मला सांगतो, मी टाइप करतो, आणि आम्ही दोघंही गुन्हेगारासारखे हळू आवाजात बोलतो.

क्षमा असावी, एकेरीवर आलो.

आपली बाजूही मला कळते. २००९ च्या ऑगस्टपासून रिझर्व्ह बँकेनं नेटवर कार्ड वापरायला जादा पडताळणी सक्तीची केली, ती लोकांचे पैसे चोरांपासून वाचावेत म्हणून. ते काम तुम्ही चोख केलंत. तुम्हाला रेशन, पेन्शन, दाखला अशा प्रत्येक दारावर उभं केलं ते दुसऱ्यांनी. त्या मंगळवारी संध्याकाळी मला तुमचीच कीव आली. धावतपळत पोचायचं, ते बंद कपाटात. शंभरेक मोबाइलांत आपलाही एक उजेड पाडायचा आणि कुणी न बघता मरायचं. तेही एका दुपारी तीनदा.

तर विनंती एवढीच. थोरल्याच्या कंपनीची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. या गुरुवारी सकाळी नऊला मावशी थोरल्याला मोबाइलसकट घेऊन येणार आहेत. त्याचा तो एकच सुट्टीचा दिवस आहे. पहिल्या खेपेला या.