अवकाळी पर्यटक

न्यू जर्सी राज्यातील एडिसन आणि आसपासच्या गावांत वसलेल्या मराठी समाजात जो एक विशिष्ट गृहस्थवर्ग आढळतो, त्याला सोयीसाठी 'अवकाळी पर्यटक' असे म्हणता येईल. कॅरिबियन समुद्रातील एखाद्या बेटावर जावे, परंतु इतर माणसे तेथे जातात तेव्हा मात्र मुळीच जाऊ नये, हे या वर्गाचे मूलतत्त्व होय. इतर माणसे जातात ती डिसेंबरच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत; कारण त्या काळात न्यू जर्सीत दारापुढचा बर्फ उपसावा लागतो, बेटांवर कोरडी व प्रसन्न हवा असते, आणि साहजिकच खोल्यांचे भाव आभाळाला भिडतात. उरलेले आठ महिने मंदीचे. त्यांपैकी 1 जून ते 30 नोव्हेंबर हे सहा महिने अटलांटिक महासागरातील चक्रीवादळांचा अधिकृत हंगाम मानले जातात, आणि या हंगामाचा कळस 10 सप्टेंबरच्या सुमारास असतो. भाव नेमके त्याच आठवड्यांत का कोसळतात, हे सामान्य माणसाच्या चटकन लक्षात येते; अवकाळी पर्यटकाला त्यात केवळ इतरांचा भित्रेपणा दिसतो.

या वृत्तीचे मूळ शोधू गेल्यास ते मागच्या पिढीत, पुण्याच्या वा ठाण्याच्या एखाद्या दोन खोल्यांच्या घरात सापडते. जेथे वर्षाला 5,000 मिलीमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तो बहुतांशी पावसाळ्यातच पडतो, त्या महाबळेश्वरला जुलैमध्ये निम्म्या भावात खोली मिळते म्हणून सहकुटुंब जाणारे, धुक्यामुळे एकही पॉइंट न दिसता परतणारे, आणि तरीही 'गर्दी नव्हती, हे महत्त्वाचं' असे शेजाऱ्यांना ठासून सांगणारे वडील ज्यांनी पाहिले, त्यांनीच पुढे संगणकशास्त्राची पदवी घेऊन हा वारसा अटलांटिकपार नेला. वडिलांकडे त्यासाठी एक वही होती. मुलाकडे एक्सेलचा तक्ता असतो.

या तक्त्याचे स्वतंत्र वर्णन करणे आवश्यक आहे, कारण सहलीचा खरा आनंद तेथेच उपभोगला जातो. मार्चमध्ये उघडलेल्या या तक्त्यात विमान, खोली आणि गाडी यांची पाने तर असतातच. शिवाय 'वादळ' आणि 'शेवाळ' अशीही दोन पाने असतात. 2011 पासून सार्गासम नावाचे तपकिरी, तरंगते समुद्री शेवाळ प्रचंड प्रमाणात या बेटांच्या किनाऱ्यांना येऊन लागते आणि कुजू लागले की सडक्या अंड्यांचा वास सोडते. ते मुख्यतः वाऱ्याच्या दिशेच्या, म्हणजे पूर्वेकडच्या, किनाऱ्यावर साचत असल्यामुळे हॉटेल पश्चिमेलाच हवे असा सिद्धान्त गृहस्थाने मांडलेला असतो. बार्बाडोस बेटाचा पश्चिम किनारा हा लक्षाधीशांचा किनारा म्हणून प्रसिद्ध आहे, याची खबर त्याला दोन आठवड्यांनी लागते, व त्या दोन आठवड्यांचे काम वाया गेले असे त्याला मुळीच वाटत नाही. तिकिटे मंगळवारी रात्रीच स्वस्त होतात आणि तीही ब्राउझरच्या खाजगी खिडकीतूनच पाहावीत, ही त्याची आणखी एक श्रद्धा. घरात मुहूर्त पाहण्याला तो हसतो, हे येथे नमूद करून ठेवावे.

बेटाची निवड हा भूगोलाचा प्रश्न होऊन बसतो. व्हेनेझुएलाच्या किनाऱ्याजवळची अरुबा, बोनेअर आणि कुरसाओ ही बेटे वादळांच्या नेहमीच्या वाटेच्या दक्षिणेस असल्यामुळे तेथे धोका कमी. परंतु ही गोष्ट साऱ्या जगाला ठाऊक असल्याने सवलतही बेताचीच, असा त्याचा आक्षेप असतो. जेथे काहीच धोका नाही तेथे स्वस्तात जाण्यात कर्तबगारी ती कसली? मग तो विषुववृत्तापासून 12 अंशांवरील ग्रेनाडाकडे वळतो, तेव्हा कोणीतरी त्याला 2004 च्या सप्टेंबरातील आयव्हन वादळाची आठवण करून देते, ज्यात त्या बेटावरील बहुसंख्य घरांची छपरे उडाली होती. त्यावर तो तक्त्यात 'अपवाद' असा नवा रकाना काढतो.

सर्वांत सूक्ष्म भाग विम्याचा आहे. वाऱ्यांचा वेग ताशी 63 किलोमीटरवर गेला की त्या वादळाला आधीच ठरलेल्या यादीतील नाव दिले जाते, आणि एकदा हे बारसे झाले की त्यानंतर काढलेल्या प्रवासविम्यात त्या वादळाची भरपाई सहसा मिळत नाही, कारण संकट मग अनपेक्षित उरत नाही. कोणत्याही कारणाने सहल रद्द करण्याची मुभा देणारा विमाही मिळतो. पण तो महाग, आणि त्यात परत मिळतात ते सामान्यतः 50 ते 75 टक्के. खोलीवर वाचलेली रक्कम आणि विम्यावर गेलेली रक्कम यांची वजाबाकी तक्त्यात कोठेही आढळत नाही, आणि ही चूक नजरचुकीने झालेली नाही.

ऑगस्ट उजाडला की त्याची नजर आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यालगतच्या ढगांवर खिळते. मायामी येथील राष्ट्रीय चक्रीवादळ केंद्र दर सहा तासांनी जी माहितीपत्रके काढते, त्यांत अनिश्चिततेचा शंकू नावाची, पुढे रुंदावत जाणारी आकृती असते. वादळाचे केंद्र या आकृतीच्या आत राहण्याची शक्यता सुमारे दोन-तृतीयांश असते, परंतु वादळाचा विस्तार किती याविषयी ती काहीच सांगत नाही. गृहस्थ रात्री अकराला हा शंकू पाहतो आणि पहाटे पाचला पुन्हा पाहतो. 'अहो, त्या शंकूतून बाहेर या, दूध उतू जातंय,' हे वाक्य अशा घरांत हंगामभर ऐकू येते. पत्नीचा खरा आक्षेप निराळाच असतो: सर्वांत स्वस्त आठवडे मुलांच्या शाळा सुरू झाल्यानंतर येतात आणि बहुधा मंडळाच्या गणेशोत्सवावरच आदळतात.

29 जून 2024 रोजी ब्रिजटाऊनच्या केन्सिंग्टन ओव्हलवर भारताने टी-ट्वेंटी विश्वचषक जिंकला, आणि बेरील वादळामुळे विमानतळ बंद झाल्याने विजेता संघ बार्बाडोसमध्येच अडकून पडला. 4 जुलैला तो मायदेशी पोहोचला, व त्याच संध्याकाळी मरीन ड्राइव्ह माणसांनी फुलून गेला. अवकाळी पर्यटकही त्या दिवशी भावुक झाला, तथापि त्याने घरात विचारलेला पहिला प्रश्न असा होता, की संघाचा विमा बेरीलच्या बारशाआधी काढलेला होता की नंतर. बारसे अंतिम सामन्याच्या आदल्या रात्री झाले होते, हेही त्याला पाठ होते.

अखेर तो जातो, आणि बहुतेक वेळा वादळ येत नाही. किनारा मोकळा असतो, पण त्याबरोबरच अनेक उपाहारगृहांना कुलूप असते व पोहण्याच्या तलावाच्या तळाशी रंगारी बसलेले असतात, कारण दुरुस्तीची कामे या बेटांवर सप्टेंबरमध्येच उरकली जातात. मंदीच्या मोसमात हॉटेलांतील कामगारांच्या पाळ्या कमी होतात आणि पगारही त्याच मानाने घटतो. गृहस्थाच्या सवलतीचा काही भाग तेथून आलेला असतो, पण त्यासाठी तक्त्यात रकाना नाही. बेट बार्बाडोस असेल, तर जेवणाच्या पत्रिकेतील आकड्याला तो प्रथम दोनाने भागतो, कारण एका अमेरिकन डॉलरला दोन बार्बाडोस डॉलर हा दर 1975 पासून कायम आहे. मग तो जुन्या सवयीने त्याचे रुपये करतो, आणि बॅगेतून आणलेले मेतकूट काढतो.

परतीच्या विमानतळावर, सामान देऊन झाल्यावर, तो आपल्याच खोलीचा आजचा भाव पाहतो, आणि तो रात्रीला अकरा डॉलरने उतरलेला निघतो. पत्नी त्याचा चेहरा पाहते, काय झाले ते विचारत नाही, आणि त्याच्या हातातून फोन काढून घेऊन आपल्या पर्समध्ये टाकते.