जुनी होडी, नवी पेठ : करविषयक मार्गदर्शन

परमुलखातून वापरलेली होडी विकत घ्यायचं ठरवलेल्या सोलापूरच्या नव्या पेठेतल्या गृहस्थाने घरच्यांचा विरोध तूर्त बाजूला ठेवावा, कारण कराच्या प्रश्नापुढे तो किरकोळ आहे. शेजारी म्हणतील, "का बे, होडी घेतलास? लावणार कुठं?" ज्या पेठेत संध्याकाळी सातनंतर दुचाकी टेकवायला भिंत मिळत नाही, तिथे हा प्रश्न रास्तच आहे. सोलापूरला समुद्र नाही आणि नळालाही पाणी चार-पाच दिवसांआड येतं, ही दुसरी हरकत तर त्याहून सयुक्तिक वाटते. पण 1962 चा सीमाशुल्क कायदा वाचून पाहावा. होडी कुठल्या पाण्यात सोडणार, असं त्यात कोणी विचारलेलं नाही. कर पाण्यावर लागत नाही, सीमेवर लागतो, आणि सीमेच्या बाबतीत आपण श्रीमंत आहोत. विजयपूर रस्त्याने टाकळीजवळ भीमेचा पूल ओलांडला की धूळखेड, म्हणजे कर्नाटक. शिवाय पाणी अगदीच नाही असंही नाही. उजनीचा फुगवटा आहे, हिप्परग्याचा तलाव आहे, आणि सप्टेंबर 2025 मध्ये सीना नदी गावांत शिरली तेव्हा माणसं बाहेर काढायला बोटीच आणाव्या लागल्या. होडी कशाला हवी, हे त्या आठवड्यात कोणी विचारलं नाही.

आता मुद्द्याचं. होडीवर कर किती, असा प्रश्न घेऊन जो कस्टमच्या दारात जातो तो फसतो, कारण प्रश्नच चुकीचा आहे. खरा प्रश्न असतो, ही वस्तू आहे तरी काय? कायद्याने 'माल' या शब्दाची व्याख्या करताना त्यात जहाजं आणि होड्याही घातल्या आहेत. आणि 'वाहन' या शब्दाची व्याख्या करताना त्याच पुन्हा तिथेही घातल्या आहेत. म्हणजे परदेशातून साखरेची पोती घेऊन एखादी नौका बंदराला लागली तर कर साखरेवर, नौकेवर नाही. कारण ती वाहन. तीच नौका विकत घेऊन, पोती न भरता, हौसेने घरी आणली की ती स्वतःच साखरेचं पोतं होते. लाकूड तेच, शीड तेच, भोकंही तीच. बदललं ते फक्त नाव. मोटारीच्या बाबतीत कायद्याने स्पष्टच सांगून टाकलं आहे की ती प्रवाशाचं सामान होऊ शकत नाही. होडीचं नाव त्या वाक्यात नाही. यावरून एखाद्या सोलापूरकराने ती काखोटीला मारून विमानात चढायचा बेत करू नये; सामान खरोखरीचं सामान वाटलंही पाहिजे.

माल ठरल्यावर ती दरपत्रकाच्या 89 व्या प्रकरणात जाते आणि तिथे तिची जात विचारली जाते. 8901 म्हणजे उतारू आणि माल नेणारी, 8902 मासेमारीची, 8903 हौसेची आणि खेळाची, 8907 मध्ये तराफे, आणि 8908 मोडीत काढायला आणलेली. 22 सप्टेंबर 2025 पासून उतारूंच्या आणि मासेमारीच्या नौकांवर जीएसटी 5 टक्के आहे, हाताने वल्हवायच्या होडीवर 18, आणि हौसेच्या नौकेवर 40. म्हणजे चाळीस उतारू नेणाऱ्या नावेला जितके टक्के लागतात, त्याच्या आठपट टक्के त्याच पाण्यात एकट्याने वाऱ्याला बसणाऱ्या माणसाला. हा कर लाकडावर नाही, निवांतपणावर आहे, आणि दुपारी दुकान ओढून घेणाऱ्या गावाने त्यातला धोका ओळखावा. आपल्याकडे पुरात उसाच्या गुऱ्हाळाची काहील पाण्यात सोडून माणसं पैलतीर गाठतात. काहील माणसं तारते, पण दरपत्रकात ती भांडंच राहते. कामावरून वस्तू ठरते की घडणीवरून, या वादात कायदा बहुतेक घडणीच्या बाजूने उभा राहतो. हे वाक्य लक्षात ठेवावं, पुढे लागणार आहे.

हिशेब करून पाहू. परदेशातली जुनी शिडाची नौका भाडं आणि विमा धरून न्हावा शेवा बंदरात 10 लाख रुपयांना पडली असं समजा. मूळ सीमाशुल्क आणि उपकर मिळून साडेसत्तावीस टक्के, म्हणजे 2 लाख 75 हजार. आता 40 टक्के जीएसटी 10 लाखांवर नव्हे, तर 12 लाख 75 हजारांवर, म्हणजे भरलेल्या करावरही कर. ते 5 लाख 10 हजार. एकूण कर 7 लाख 85 हजार, आणि होडी पावणेअठरा लाखांच्या वर. यात पुढची ट्रेलरची वाट आणि पेठेच्या तोंडाशी अडकल्यावर द्यायच्या चहाचा खर्च धरलेला नाही. एखादा म्हणेल, होडी जहाजावर न घालता समुद्रातून चालवतच आणली तर भाडं वाचेल. वाचेल, पण पावती कुठून आणणार? वाहतुकीच्या खर्चाचा पत्ता लागत नसेल तर नियम मालाच्या किमतीच्या 20 टक्के भाडं आणि 1.125 टक्के विमा स्वतःच्या मनाने धरतात.

नव्या पेठेत वाढलेल्या माणसाला इथे एक मोह होतो, तो म्हणजे किंमत कमी दाखवण्याचा. आयुष्यभर घासाघीस केल्याचा हा दोष आहे. पेठेत गिऱ्हाईक "कमी करा" म्हणतं आणि दुकानदार छातीवर हात ठेवतो. कस्टममध्ये गिऱ्हाईक छातीवर हात ठेवतं आणि साहेब "वाढवा" म्हणतात. 2007 च्या मूल्यांकन नियमांनी त्यांना दाखवलेल्या किमतीवर संशय घेण्याचा अधिकार रीतसर दिला आहे, आणि वापरलेल्या वस्तूला छापील किंमत नसल्यामुळे संशयाला जागा भरपूर. दुसरा मोह जातीचा. हौसेच्या नौकेत एक जाळं टाकून तिला मासेमारीची म्हणावं, किंवा जुनी आहे तर सरळ मोडीत काढायची म्हणावं. पहिल्या युक्तीला उत्तर वर दिलंच आहे. कायदा घडण बघतो, आणि गादीचे सोफे, स्वयंपाकघर नि न्हाणीघर असलेल्या नौकेत जाळं हे शोभेचं ठरतं. दुसरी युक्ती चालेल, पण मग ती खरोखर मोडावी लागते. खोटं नाव लिहिलं तर माल जप्त, दंड वेगळा, सोडवायची रक्कम वेगळी, आणि मूळ कर आहेच.

यावर शहाणा वाचक विचारेल की मग परदेश कशाला, गोव्यातून घ्यावी. 1961 च्या डिसेंबरपूर्वी गोवा परदेशच होता, पलीकडे पोर्तुगीजांचं कस्टम बसलेलं. आता जून 2025 पासून सोलापूरहून गोव्याला विमान जातं आणि सीमेवर कोणी पेटी उघडायला सांगत नाही. नोंदणी नसलेल्या खाजगी माणसाने स्वतःची वापरलेली होडी विकली तर जीएसटीही लागत नाही. सल्ला उत्तम आहे, पण त्यात एक भोक आहे, आणि होडीच्या बाबतीत भोक ही गंभीर गोष्ट. ती नौका मुळात बाहेरून आलेली असेल आणि पहिल्या धन्याने कर बुडवला असेल, तर जप्त झालेला माल सोडवताना उरलेला कर ज्याच्या ताब्यात माल सापडला त्याच्याकडूनही मागता येतो. म्हणून इंजिन सुरू करून बघण्याआधी बिल ऑफ एंट्रीची, म्हणजे आयातीच्या कागदाची, प्रत मागावी. विकणारा "बघून सांगतो" म्हणाला की समजावं. युरोपात जुन्या यॉटच्या जाहिरातीत व्हॅट भरला आहे की नाही हे लांबी-रुंदीच्या बरोबरीने छापतात, ते उगाच नाही. कागदाशिवाय नौका म्हणजे दुसऱ्याची नौका, हा न्याय कोकणकिनाऱ्यावर जुनाच आहे. कान्होजी आंग्र्यांचं दस्तक नसलेलं जहाज धरलं जाई आणि इंग्रज त्याला चाचेगिरी म्हणत. स्वतःच्या परवान्यांना मात्र ते परवानेच म्हणत.

राहता राहिली भीमा, आणि माझ्या मते नव्या पेठेच्या माणसाने तिथेच थांबावं. कर्नाटकातली, केए-28 ची जुनी मोटार सोलापुरात आणली तर बारा महिन्यांच्या आत एमएच-13 करावी लागते, त्यासाठी ना हरकत, पुन्हा रस्ताकर, मग आधीच्या राज्याकडे परताव्याचा अर्ज आणि त्याची वाट पाहणं. होडीचं तसं नाही. 2021 च्या अंतर्देशीय जलयान कायद्याने एका राज्यातली इंजिनाच्या होडीची नोंदणी सगळ्या देशात चालते असं ठरवून टाकलं. प्रवेशकर 2017 च्या जुलैत जीएसटीत विरघळला आणि जकात त्याआधीच गेली. धूळखेडच्या बाजूला एखाद्या कोळीदादाची जुनी होडी विकाऊ दिसली तर भाव मोडून घ्यावा, पैसे दिल्याचा कागद करून त्यावर सही घ्यावी, नोंदणी असेल तर ती आपल्या नावावर करून मागावी, आणि वल्हवत अलीकडे यावं. मध्ये एकही नाका नाही.