टीएमसी उडवावेत कसे?
पाटबंधारे खात्यात नव्याने रुजू झालेल्यांसाठी

पुण्याच्या खडकवासला धरणसाखळीतला साठा हिशेबापेक्षा जास्त घटला आणि कालवा समितीत उत्तर द्यायला नेमकं तुम्हालाच उभं केलं? घाबरू नका. एकच शब्द घोका: बाष्पीभवन.

१. हंगाम पाहून बोला. पाणी उडायला ऊन, कोरडी हवा आणि वारा लागतो. पुण्यात एप्रिल-मेच्या दुपारी तिन्ही फुकट. जुलैत पानशेत धरणावर ढग टेकले, हवा ओलीचिंब झाली की हा शब्द गिळा. रेनकोटातले पत्रकार हसतात.

२. जलाशयाच्या खोलीवर भरभरून बोला. पाणी उडतं ते उघड्या पृष्ठभागावरून, खोलीचा त्याच्याशी फारसा संबंध नाही, हे शाळेनंतर कोणाच्या लक्षात राहत नाही.

३. आकडा मोघम ठेवा. हवामान खात्याचं बाष्पीभवनपात्र बैठकीच्या आसपास फिरकू देऊ नका. सुमारे ४ फूट व्यासाचं हे पसरट भांडं रोज किती मिलिमीटर पाणी उडालं ते चक्क मोजतं. पाखरांनी पाणी पिऊ नये म्हणून त्यावर जाळीही असते. म्हणजे चिमण्यांवर ढकलायची सोय गेली. वाईट वाटतं हो तुमच्यासाठी. त्यात एखादा निवृत्त प्राध्यापक उठून गुणाकार करतो: १ चौरस किलोमीटरवरून रोज ७ मिलिमीटर उडालं, तर १ टीएमसी (म्हणजे एक अब्ज घनफूट) संपायला ११ वर्षं. जलाशय त्याहून कितीतरी मोठे आहेत, हे खरं. पण तसं म्हणालात की तो क्षेत्रफळ विचारणार, मग दिवस, आणि शेवटी ‘बाकीचं पाणी कुठे मुरलं?’ त्याला तातडीने चहा द्या.

४. प्राण्यांच्या नादी लागू नका. २०१८ साली दांडेकर पुलाजवळ मुठा उजवा कालवा फुटला, तेव्हा जलसंपदामंत्र्यांनी उंदीर, घुशी आणि खेकड्यांकडे बोट दाखवलं. खेकडा पकडून समोर ठेवता येतो. वाफेची चौकशी कोण करणार?

५. बोगद्यापासून सावध. खडकवासला ते फुरसुंगी कालव्याऐवजी बोगदा करायचं घाटतंय. तिथे ऊन नाही, वारा नाही. पाणी कमी पोचलं तर सांगणार काय? फाइलवर शेरा मारा: ‘अधिक अभ्यास आवश्यक.’ अभ्यास संपेपर्यंत कालवा उघडाच राहतो, आणि पुण्यात उन्हाला तोटा नाही.