दगडाला फुटली शेपटी

अहमदपुरात थंडी म्हणजे कानाला मफलर आणि चौकात शेकोटी. एवढ्या भांडवलावर आम्ही ऐन हिवाळ्यात लडाखच्या हेमिस राष्ट्रीय उद्यानात हिमबिबट्या बघायला निघालो. सोबत मामा. त्यांचं निम्मं आयुष्य शेतातली हरणं आणि रानडुकरं हाकलण्यात गेलेलं. "आपुन जनावर हाकलायला फटाके आणायलाव, अन् हे बघायचे पैसे घ्यायलेत!" ही तक्रार विमानात चालू होती. लेहच्या साडेअकरा हजार फुटांवरच्या विरळ हवेनं ती बंद पाडली.

पाइपातलं पाणी गोठलंय, बादलीनं देऊ, असं लेहच्या मुक्कामी मालकानं ओशाळून सांगितलं. लातूर जिल्ह्याच्या माणसापुढं ओशाळायचं? २०१६ साली आमच्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं! "पाणी हाय, फक्त गोठलंय," म्हणत मामा उलट खूश झाले.

पुढं रुंबक गाव. वर बर्फ साचला की चाऱ्यासाठी भरल, म्हणजे निळसर रानमेंढ्या, खाली उतरतात. त्यांच्या मागोमाग बिबट्या. म्हणून त्याला बघायचा हंगामही नेमका हाडं गोठवणारा. वाटाड्यानं तिपाईवर दुर्बीण लावली आणि कुजबुजला, "त्या करड्या दगडाच्या डावीकडे." समोरचा अख्खा डोंगरच करड्या दगडांचा. आम्ही बराच वेळ भक्तिभावानं एका दगडाचं दर्शन घेतलं. मग शेजारच्या दगडाला हातभर शेपटी फुटली. त्यानं जांभई दिली, शेपटी तोंडाभोवती गुंडाळली आणि झोपला.

"झालं?" मामा म्हणाले. "आमचा मोत्या हेच फुकट करतो."

रात्री मुक्कामाच्या घरी बुखारीच्या, म्हणजे खोली तापवणाऱ्या शेगडीच्या, शेजारी घरधन्यानं सांगितलं, पूर्वी बिबट्या वाड्यात शिरून एका रात्रीत कित्येक मेंढ्या मारायचा; लोकही त्याला जिता सोडत नसत. आता वाड्यांवर जाळीचं छत आलं, आणि बिबट्या बघायला येणारे पाहुणे पाळीपाळीनं घरोघर उतरतात. मामा गप्प झाले. त्यांच्या डोक्यात हिशोब सुरू झाला होता.

भारतात हिमबिबटे ७१८, त्यातले ४७७ लडाखात, असं जानेवारी २०२४ मध्ये जाहीर झालं. मामांच्या मते तेवढी हरणं त्यांच्या एकट्याच्या तुरीत निघतील. तेव्हा पुण्या-मुंबईच्या हौशी मंडळींनो, तूर शेंगांवर आली की अहमदपूरला या. दुर्बीण लागणार नाही, आणि रात्री माळ्यावर बसून राखण केलीत तर मुक्काम, पिठलं-भाकरी सगळं फुकट.